वाचकांचे प्रश्न : जन्मच रोखणारे अस्त्र

मागील अंकातील विज्ञानकथांवरच्या लेखात ‘मास इफेक्ट’ या संगणकीय खेळातील ‘जेनोफेज’ नावाच्या काल्पनिक जैविक अस्त्राचा ओझरता उल्लेख आला होता. लेखाचा तो मुख्य विषय नव्हता, तरीही आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या एकाच परिच्छेदावर आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रांतील प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : जेनोफेजमुळे कोणाचा जीव जात नाही, केवळ लोकसंख्या आटोक्यात राहते, म्हणून तो युद्धापेक्षा बरा, असे माझे म्हणणे आहे. मित्रांना ते पटत नाही. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे अस्त्र काय आहे ते थोडक्यात सांगावे आणि आमच्या वादात निवाडा द्यावा.
(एक अभियांत्रिकी विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर : आधी कथा पाहू. टुचांका नावाच्या ग्रहावर क्रोगन ही अत्यंत चिवट, दीर्घायुषी आणि झपाट्याने वाढणारी जमात राहते. अणुयुद्ध करून तिने स्वतःच्या ग्रहाची राखरांगोळी केलेली असते. आकाशगंगेतील पुढारलेल्या जमातींवर रॅक्नाय या कीटकसदृश शत्रूचे संकट येते तेव्हा सॅलेरियन ही बुद्धिमान जमात क्रोगनांना तंत्रज्ञान देऊन वर आणते आणि त्यांना लढाईवर पाठवते. युद्ध जिंकले जाते, क्रोगनांना बक्षीस म्हणून नवे ग्रह मिळतात, त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि ते इतरांच्या भूमीवर आक्रमण करू लागतात. त्यांना आवरण्यासाठी सॅलेरियन शास्त्रज्ञ जेनोफेज तयार करतात. त्यांच्या मते ते नुसते धाक दाखवण्याचे साधन असते, पण टुरियन ही लष्करी जमात ते हाती येताच वापरून मोकळी होते. त्यानंतर क्रोगनांच्या हजार गर्भांपैकी जेमतेम एक जगतो, आणि ही स्थिती पिढ्यान्पिढ्या वारशाने पुढे जाते.

आता आपला वाद. ‘कोणाचा जीव जात नाही’ हे विधान त्या कथेच्या चौकटीतही खरे नाही. जेनोफेजने क्रोगन स्त्रिया वंध्य होत नाहीत. गर्भ राहतो, पण बहुतेक गर्भ वाढीच्या आरंभीच नष्ट होतात आणि पुष्कळ मुले मृत जन्मतात. कथाकारांनी हा फरक मुद्दाम केला आहे असे मला वाटते आणि तो फार नेमका आहे. मूल होणार नाही हे एकदा कळले की माणूस केव्हातरी त्या दुःखाची समजूत घालतो. इथे मात्र प्रत्येक वेळी आशा निर्माण होते आणि प्रत्येक वेळी ती पुरावी लागते. त्यात क्रोगनांचे आयुष्य हजार वर्षांहूनही मोठे असू शकते. तेव्हा एका स्त्रीच्या वाट्याला हे किती वेळा येत असेल त्याचा अंदाज आपणच करावा.

कायद्याच्या दृष्टीनेही आपली बाजू लंगडी पडते. संयुक्त राष्ट्रांनी 9 डिसेंबर 1948 रोजी संमत केलेल्या वंशसंहारविषयक करारात वंशसंहाराची पाच कृत्ये सांगितली आहेत. त्यांपैकी हत्या हे पहिले आहे, आणि चौथे आहे एखाद्या गटात जन्मच होऊ नयेत या हेतूने लादलेले उपाय. भारताने हा करार 1959 साली अनुसमर्थित केला. म्हणजे एकही प्रेत न पाडता वंशसंहार होऊ शकतो, हे जगाने जेनोफेजची कल्पना निघण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवले आहे. आपल्या मित्रांपुढे एक मुद्दा मात्र आपण मांडू शकता. या करारात त्या गटाचा संपूर्ण वा अंशतः नाश करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि सॅलेरियन शेवटपर्यंत सांगत राहतात की त्यांना क्रोगन संपवायचे नव्हते, त्यांची वाढ जुन्या पातळीवर आणायची होती. न्यायालयात हा बचाव कितपत टिकेल याविषयी मला शंका आहे. तरी चर्चेला तो जागा देतो. जैविक अस्त्रांवरचा 1972 चा करार, जो 1975 मध्ये अमलात आला, तर याहून सरळ आहे. शांततामय कारण नसलेले जैविक घटक विकसित करणे आणि साठवणे यांवरच तो बंदी घालतो. घटक जीव घेतो की जन्म रोखतो, याला तिथे महत्त्व नाही. धाक दाखवण्यासाठी केलेला साठाही त्यात बसत नाही.

प्रश्न : मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ‘हजारात एक’ हा आकडा आणि तो शतकानुशतके टिकणे, या दोन्ही गोष्टी उत्क्रांतीच्या नियमांत बसतात का? मुलांनी विचारले आणि मला ठाम उत्तर देता आले नाही.
(एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : आपला प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून त्याला अधिक जागा देतो.

प्रथम आकडा. खेळाच्या माहितीकोशानुसार क्रोगन मादी वर्षभरात हजारापर्यंत फलित अंडी देऊ शकते. हजारातून एक जगते असे धरले तर वर्षाला एक मूल झाले. समजा, हजार वर्षांच्या आयुष्यात ती केवळ शंभर वर्षे प्रजननक्षम राहिली, तरी शंभर मुले झाली आणि त्यांत पन्नास मुली. लोकसंख्या स्थिर राहायला एका जोडप्यामागे दोन मुले प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचणे पुरेसे असते. मग या हिशेबाने क्रोगन लोप पावायला नकोत, उलट जोमाने वाढायला हवेत. कथेत याचे उत्तर असे दिले आहे की क्रोगन संपत चालले आहेत ते जेनोफेजपेक्षा त्याने आलेल्या निराशेमुळे. पुरुष भाडोत्री सैनिक होऊन दूर जातात, आपसांत लढतात, मरतात, आणि घर उभे करण्याची उमेदच उरत नाही. मला हे उत्तर आकड्यापेक्षा अधिक पटते. वर्गात मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडायला लावावा. चक्रवाढ समजावून सांगायला इतके चांगले उदाहरण सहसा मिळत नाही.

आता उत्क्रांती. इथे सगळा प्रश्न एका ठिकाणी येऊन थांबतो : हजारातला तो एक गर्भ कशामुळे वाचतो? निव्वळ योगायोगाने वाचत असेल तर त्याच्या वाचण्यातून पुढच्या पिढीला काहीच मिळत नाही आणि अस्त्र तितकेच प्रभावी राहते. पण त्याच्या जनुकांत काही वेगळेपण असल्यामुळे तो वाचत असेल, तर ते वेगळेपण त्याच्या मुलांत उतरेल. हजारातले नऊशे नव्व्याण्णव गाळणारी चाळणी इतकी कडक असते की अशी प्रतिकारशक्ती थोड्याच पिढ्यांत सर्वत्र पसरायला हवी.

प्रत्यक्षात असे घडलेले आहे. ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव आवरण्यासाठी 1950 साली मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीला बाधा झालेल्या शंभर सशांपैकी नव्व्याण्णवाहून अधिक मरत. पण काही वर्षांतच दोन बदल दिसू लागले. जे ससे उरले त्यांची संतती अधिक प्रतिकारक्षम निघाली. आणि विषाणूचे सौम्य प्रकार फैलावले, कारण सशाला लगेच मारणाऱ्या विषाणूला दुसऱ्या सशापर्यंत पोहोचायला वेळच मिळत नसे. फ्रँक फेनर या ऑस्ट्रेलियन विषाणुशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही प्रक्रिया वर्षानुवर्षे मोजून ठेवली आहे. पाठ्यपुस्तकातल्या उत्क्रांतीच्या उदाहरणांत ही गोष्ट यायला हवी, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

खेळाच्या लेखकांना ही अडचण ठाऊक असावी. दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ सांगतो की क्रोगन जेनोफेजवर मात करू लागले होते, म्हणून त्याच्या पथकाने गुपचूप सुधारित जेनोफेज तयार करून पुन्हा सोडला. विज्ञानाच्या अंगाने कथेतला हा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. मात्र क्रोगनांच्या पिढ्या फार लांब असतात हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. सशाची पिढी महिन्यांत बदलते, क्रोगनाची शतकांत. त्यामुळे हजाराहून अधिक वर्षांनंतर प्रतिकार दिसू लागणे हे कथेत सांगितले आहे तसे संथ असणेच योग्य.

तिसरी गोष्ट, जी आपण विचारली नाही पण मुले विचारतील. कथेत म्हटले आहे की जनुकोपचाराने बरे होता येऊ नये म्हणून जेनोफेज शरीरातील प्रत्येक पेशीत बदल करतो. प्रौढ शरीरातील अब्जावधी पेशींत असा बदल एकदम घडवणे ही निव्वळ कल्पना आहे. पण विषाणू वारशाने मिळणाऱ्या जनुकसंचात कायमचा घर करून बसतो, हे वास्तव आहे. मानवी जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग प्राचीन रेट्रोविषाणूंचे अवशेष आहे, आणि कोआला या प्राण्यात एक रेट्रोविषाणू अशा रीतीने वंशपरंपरेत शिरताना शास्त्रज्ञ आज डोळ्यांदेखत पाहत आहेत.

प्रश्न : वंध्य केलेले नर डास सोडून डासांची पैदास रोखतात असे वाचले. मी आरोग्य खात्यात नोकरी केलेली असल्यामुळे विचारतो : हा डासांवर सोडलेला जेनोफेजच नव्हे काय?
(एक निवृत्त कर्मचारी, पणजी)

उत्तर : कल्पना त्याच कुळातली आहे, पण एक मोठा फरक आहे. वंध्य नराचा परिणाम त्याच्याबरोबर संपतो. त्याच्याशी संयोग झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत, आणि नवे नर सोडणे थांबवले की काही काळात डास पूर्ववत होतात. ही पद्धत प्रथम गुरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीवर यशस्वी झाली. 1954 मध्ये क्युरासाव बेटावर किरणोत्साराने वंध्य केलेले नर सोडून तिचा नायनाट करण्यात आला. जेनोफेज याउलट वारशाने पुढे जातो. त्याच्या जवळ जाणारे तंत्र म्हणजे ‘जीन ड्राइव्ह’, म्हणजे जनुकातील बदल जवळजवळ सगळ्या संततीत उतरेल अशी व्यवस्था. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी 2018 मध्ये पिंजऱ्यातील, हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस गॅम्बिई डासांत असा बदल सोडला, तेव्हा ती वसाहत सात ते अकरा पिढ्यांत नष्ट झाली. वर फोंड्याच्या बाईंनी उपस्थित केलेला प्रतिकाराचा प्रश्न तिथेही होताच. म्हणून त्यांनी जनुकातील अशी जागा निवडली होती की जिथे बदल झाला तर तो डासालाच घातक ठरावा.

आपल्या पणजी शहराने वेगळी वाट धरली होती, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. 1990 च्या दशकात बांधकामांवरच्या पाण्याच्या टाक्यांत आणि विहिरींत स्टीफेन्सी डासांची पैदास होऊन हिवताप वाढला, तेव्हा अळ्या खाणारे स्थानिक लहान मासे आणि अळ्यांच्या पोटात गेल्यावर विषारी ठरणारे जिवाणू यांचा वापर करण्यात आला. मासा विहिरीतच राहतो, जिवाणूचे औषध पुन्हा पुन्हा टाकावे लागते, आणि दोन्ही थांबवता येतात. लष्करी साधन आणि आरोग्याचे साधन यांच्यातील भेद ओळखायला मला ही कसोटी बरी वाटते : नको वाटले तर ते मागे घेता येते का?

वंध्य डासांबद्दल आपल्या देशात एकदा मोठे वादळ उठले होते, तेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा एक विभाग चालवला होता आणि त्याला अमेरिकेचा पैसा होता. पीतज्वर भारतात नसताना तो पसरवणाऱ्या एडिस डासांचा इतका बारकाईने अभ्यास कशासाठी, असा प्रश्न वृत्तपत्रांनी आणि खासदारांनी विचारला. जैविक युद्धाची तयारी असल्याचा आरोप झाला, संसदेच्या लोकलेखा समितीने 1975 मध्ये कडक अहवाल दिला आणि सोनिपतला सोडायचे डास सोडलेच गेले नाहीत. आरोप सिद्ध झाला नाही. पण पैसा कोणाचा, माहिती कोणाकडे जाणार आणि गावाला विचारले होते का, हे प्रश्न रास्तच होते.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात माकडताप आला तेव्हा तो प्रयोगशाळेत बनवून सोडलेला रोग आहे, असे आमच्या वाड्यावर काही जण म्हणत. जेनोफेजविषयी वाचून ते पुन्हा आठवले. त्यात काही तथ्य आहे का?
(एक वाचक, वाळपई)

उत्तर : नाही. माकडताप 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागल्यावर ओळखला गेला. तेव्हा जनुके कापण्या-जोडण्याचे तंत्रज्ञानच जगात नव्हते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरतो, माणसाकडून माणसाला होत नाही. सत्तरीतील पाळी गावात 2015 साली त्याची साथ आली. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट एकाच काळात येतो. वाकून, पाचोळ्यात हात घालून बोंडू वेचणाऱ्या माणसाच्या पायावर खसखशीच्या दाण्याएवढे पिल्लू चढले तर त्याला कळतही नाही. तेव्हा संशय घ्यायचाच तर तो त्या पाचोळ्याचा घ्यावा. पाय झाकणारे कपडे, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ ही काळजी घ्यावी. माकड मरून पडलेले दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

अफवेला मात्र इतिहास आहे. हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाल्यामुळे तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला असावा असा तर्क झाला. त्यातून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा मागोवा घेण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हाती घेतले. चोडणचे अभयारण्य ज्यांच्या नावाने आहे तेच हे. त्या कामाला काही काळ अमेरिकी लष्कराचा निधी मिळाला होता, म्हणून लोकलेखा समितीच्या त्याच अहवालात त्याचेही नाव आले. पक्ष्यांनी विषाणू आणला हा तर्क पुढे मागे पडला, पण पक्ष्यांच्या स्थलांतराची मोलाची माहिती त्या कामातून हाती आली.

प्रश्न : खेळ राहू द्या. जन्म रोखणारे अस्त्र बनवण्याचा प्रयत्न खऱ्या जगात कोणी केला आहे का?
(एक वकील, डिचोली)

उत्तर : होय. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने 1981 पासून ‘प्रोजेक्ट कोस्ट’ या नावाने रासायनिक आणि जैविक अस्त्रांचा गुप्त कार्यक्रम चालवला. त्याचा प्रमुख वाउटर बासन हा हृदयरोगतज्ज्ञ होता. सत्य आणि समेट आयोगासमोर 1998 मध्ये झालेल्या सुनावणीत, कृष्णवर्णीयांच्या नकळत त्यांची प्रजननक्षमता घटवण्यावर संशोधन झाल्याची साक्ष तिथल्या शास्त्रज्ञांनीच दिली. त्यातून वापरता येईल असे काही निष्पन्न झाले नाही. बासन 2002 मध्ये न्यायालयात निर्दोष सुटला. आपल्या व्यवसायातील मंडळींनी हा खटला अवश्य अभ्यासावा.

दुसरे उदाहरण हेतूने निर्दोष, पण अधिक अस्वस्थ करणारे आहे. ऑस्ट्रेलियात उंदरांच्या धाडी येतात. तिथल्या संशोधकांनी उंदरांना केवळ वंध्य करील असा विषाणू घडवण्याचा प्रयत्न केला आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी जगभर खळबळ उडाली. तो विषाणू उंदरांना वंध्य करण्याऐवजी ठार करत होता, आणि लस दिलेले अनेक उंदीरही त्यातून सुटले नाहीत. हे प्रसिद्ध करावे की नाही याचा त्यांनी बराच विचार केला होता. जन्म रोखण्यापुरतेच काम करील असे सांगून तयार केलेली गोष्ट तेवढ्यावरच थांबेल, या सॅलेरियनांच्या गृहीतकाविषयी माझा अविश्वास मुख्यतः या प्रयोगामुळे आहे.

प्रश्न : मॉर्डिन सोलस दोषी आहे असे आपल्याला वाटते का?
(दोन बहिणी, मडगाव)

उत्तर : वाटते. त्याने कामाचे समर्थन आकड्यांनी केले आणि ते आकडे बरोबर होते, हीच त्याची अडचण आहे. त्याला दवाखाना चालवताना, गोरगरिबांवर उपचार करताना दाखवले आहे, पण त्याने हिशेब चुकता होत नाही, हे त्यालाही कळते. तिसऱ्या भागात क्रोगनांना जेनोफेजवरचा उपाय देण्याचा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती ठेवला आहे आणि फसवून न देण्याचीही वाट खुली आहे. आपण दोघींनी कोणती निवडली ते पत्रात लिहिले नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. मोठ्या भावंडांकडून ऐकून तो हा खेळ मागतो आहे. द्यावा का?
(एक पालक, वास्को)

उत्तर : आत्ता नको. अमेरिकी मानांकनानुसार हा खेळ 17 वर्षांवरील मुलांसाठी आणि युरोपीय मानांकनानुसार 18 वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे; त्यात हिंसा आहे आणि प्रौढांचे प्रसंगही. मूळ तीन भाग 2007, 2010 आणि 2012 मध्ये आले आणि 2021 मध्ये ते एकत्र पुन्हा प्रकाशित झाले, म्हणजे काही वर्षांनीही तो सहज मिळेल. दरम्यान जेनोफेजची गोष्ट त्याला तोंडी सांगायला हरकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या कथानकातला ती एक महत्त्वाचा धागा आहे, आणि सशांचे उदाहरण जोडून सांगितले तर आठवीच्या मुलाला ते नीट समजेल.